ओढ्याकाठचा तळ : अमेरिकेच्या डोंगरी वनांतील तंबूमुक्काम

अमेरिकेतील राष्ट्रीय वनांमध्ये महामार्ग सोडून काही मैल आत गेले, की मातीच्या अरुंद रस्त्याच्या टोकाला अनेकदा एखादा ओढा लागतो. त्याच्या काठी दहा-वीस तंबूंपुरती जागा आखून ठेवलेली असते. प्रत्येक जागेवर एक जड लाकडी टेबल, विस्तवासाठी लोखंडी कडे आणि मोटार उभी करण्यापुरता कच्चा तुकडा, एवढीच व्यवस्था. वीज नाही, स्नानगृह नाही, कित्येक ठिकाणी नळही नाही. मोबाइल दूरध्वनी खिशात असला तरी मुका असतो. अशा तळांना तेथे 'रस्टिक' म्हणजे साधे, रांगडे तळ म्हणतात. सोयींचा असा अभाव असूनही, किंवा त्यामुळेच, उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी तेथे जागा मिळणे दुरापास्त असते. त्या देशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या सुट्टीच्या बेतांतही या तळांना आता स्थान मिळाले आहे. भारतातून भेटीला आलेले आजी-आजोबा टेबलाशी बसून चहा घेत आहेत आणि नातवंडे ओढ्यातील गोटे वेचत आहेत, हे दृश्य अपरिचित राहिलेले नाही.

पाण्याचा अखंड आवाज, काठची सपाट जमीन आणि जगाशी तुटलेला संपर्क, या तीन गोष्टींसाठी माणसे इतक्या आत जातात. पुराच्या रात्री नेमक्या याच तीन गोष्टी घातक ठरतात, हे गेल्या काही दशकांतील दुर्घटनांनी दाखवून दिले आहे. त्या सर्व टाळता आल्या असत्या असे म्हणता येणार नाही. मात्र तंबू कोठे ठोकावा, याचे उत्तर त्यांतील जवळपास प्रत्येक घटनेने दिले आहे.

तळांची परंपरा

अमेरिकेच्या वनसेवेची स्थापना १९०५ साली झाली. आज तिच्याकडे सुमारे १९ कोटी ३० लाख एकर जमीन आहे. ही वने प्रामुख्याने लाकूड आणि पाणी यांच्यासाठी राखली गेली होती. पर्यटन हा सुरुवातीला त्यांचा हेतू नव्हता. पण मोटार आली, रस्ते झाले आणि शहरातील माणूस तंबू घेऊन वनात शिरू लागला. ओरेगन राज्यात कोलंबिया नदीच्या घळईतून नवा महामार्ग तयार होताच, १९१६ साली ईगल क्रीक या ओढ्याच्या परिसरात वनसेवेने टेबले, शौचालये आणि ठरावीक जागा असलेला तळ उभारला. वनसेवेच्या आधुनिक तळांचा इतिहास सहसा येथूनच सांगितला जातो.

पुढील दहा-पंधरा वर्षांत एक वेगळीच अडचण उभी राहिली. लोक जेथे सर्वाधिक येत, तेथील झाडे मरू लागली. एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाने कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्षांच्या वनांत याचा शोध घेतला, तेव्हा रोगजंतू किंवा कीड यांपेक्षा माणसाचे पाय आणि मोटारींची चाके अधिक दोषी असल्याचे त्यांच्या लक्षात आले. सतत तुडवल्याने माती दगडासारखी घट्ट होते, मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही आणि ज्या सावलीसाठी लोक आले तीच सावली काही वर्षांत नाहीशी होते. माइनेके यांनी १९३२ साली वनसेवेसाठी तळांच्या आखणीचे धोरण मांडले. त्यांचा उपाय साधा होता. रस्ता एकेरी आणि वळसा घेऊन परत येणारा असावा. प्रत्येक जागेला मोटारीसाठी लहानसा फाटा असावा. टेबल व चूल जागच्या जागी पक्की असावी. आणि मोटार इकडेतिकडे भटकू नये म्हणून मोठे धोंडे किंवा ओंडके आडवे ठेवावेत. माणसाला ताकीद देण्यापेक्षा जमिनीची मांडणी अशी करावी, की तो आपोआप योग्य जागी थांबेल, हे त्यामागचे सूत्र होते. महामंदीच्या काळात १९३३ ते १९४२ या वर्षांत बेरोजगार तरुणांच्या 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' या दलाने याच धर्तीवर देशभर असंख्य तळ बांधले. आजही एखाद्या जुन्या तळावर त्या काळची दगडी चूल दिसते आणि मोटार त्याच वळशाने आत शिरून बाहेर पडते.

माइनेके यांच्या आराखड्याने झाडे वाचवली. पण तळ ओढ्यापासून किती उंचीवर असावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे प्रामुख्याने नव्हता. डोंगराळ प्रदेशात मोटार, टेबल आणि तंबू यांना लागणारी सपाट जमीन दोनच ठिकाणी मिळते: माथ्यावर किंवा पाण्याच्या काठी. माथ्यावर पाणी नसते. साहजिकच असंख्य तळ काठावर आले.

११ जून २०१०

आर्कान्सा राज्यातील वॉशिटा राष्ट्रीय वनात लिटल मिसुरी या छोट्या नदीच्या काठी 'अल्बर्ट पाइक' नावाचा तळ होता. नदी म्हटले तरी उन्हाळ्यात मुले गुडघाभर पाण्यात खेळतील असा तिचा प्रवाह. दोन्ही बाजूंना डोंगरांचे तीव्र उतार, मधे अरुंद दरी. १० जून २०१०च्या रात्री तेथे अनेक कुटुंबे मुक्कामाला होती. कोणी तंबूत, कोणी निवासी वाहनांत. मध्यरात्रीनंतर डोंगरांवर अतिवृष्टी झाली. नदीची पातळी चार-पाच तासांत सुमारे तीन फुटांवरून तेवीस फुटांच्या वर गेली. पाणी चढण्याचा वेग एका टप्प्यावर ताशी आठ फुटांच्या आसपास होता. म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंथरुणाला पाणी लागल्यापासून ते त्याच्या डोक्यावरून जाईपर्यंत तासभरही मिळाला नाही.

राष्ट्रीय हवामान सेवेने पहाटे दोनच्या सुमारास आकस्मिक पुराचा इशारा दिला होता. परंतु तो तळापर्यंत पोहोचवणार कोण? त्या दरीत मोबाइलचा संपर्क नव्हता, भोंगा नव्हता आणि रात्री तंबू-तंबूशी जाऊन हाका मारील असा कर्मचारीही नव्हता. अंधारात काही जण उतारावर चढून वाचले, काहींनी झाडांना मिठ्या मारून पहाट काढली. वीस जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. त्या रात्री तेथे नेमके किती लोक होते, हेही लगेच कळेना. कारण तळावरील नोंदवहीच पुरात वाहून गेली होती.

बहुतेक बळी तळाच्या 'डी' या विभागातील होते. हा विभाग इतरांच्या मानाने नवा होता, वीज-पाण्याच्या जोडण्या असलेला होता आणि तो नदीच्या पूरमैदानात बांधलेला होता. ज्या पुराची शक्यता कोणत्याही एका वर्षी शंभरात एक असते, त्याला 'शतवार्षिक पूर' म्हणतात. 'डी' विभाग त्या पुराच्या रेषेच्या आत होता. या शब्दाने मोठा गैरसमज होतो. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे आपल्या हयातीत बहुधा येणार नाही, असा अर्थ लोक लावतात. वास्तविक एखादा तळ तीस वर्षे चालला, तर त्या काळात असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता शंभरात सव्वीसच्या आसपास असते. चौघांपैकी एकाला गाठणारे संकट कोणी दुर्मीळ म्हणत नाही.

मृतांच्या नातेवाइकांनी शासनाविरुद्ध दावे लावले. आपली जमीन मनोरंजनासाठी लोकांना खुली करणाऱ्या मालकाला आर्कान्साच्या कायद्याने मोठे संरक्षण दिले आहे. त्याचा आधार घेऊन खालच्या न्यायालयाने दावे फेटाळले आणि २०१८ साली संघीय अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. दुर्घटनेनंतर तेथील रात्रीचा मुक्काम बंद करण्यात आला होता. दिवसाच्या सहलींसाठी जागा पुढे खुली झाली.

तीच चूक, निरनिराळे देश

अल्बर्ट पाइकची घटना एकाकी नाही. फ्रान्सच्या आल्प्समधील ल ग्रां-बोर्नां येथे १४ जुलै १९८७ रोजी, त्या देशाच्या राष्ट्रीय सणाच्याच दिवशी, बोर्न नदीला आलेल्या लोंढ्याने काठच्या तळावरील तेवीस जणांचा बळी घेतला. स्पेनच्या पिरेनीज पर्वतात बिएस्कासजवळ ७ ऑगस्ट १९९६ रोजी सायंकाळी 'लास निएवेस' हा तळ पाणी, चिखल आणि दगडांखाली गेला. सत्त्याऐंशी माणसे मरण पावली. हा तळ अरास नावाच्या ओहोळाच्या मुखाशी, पंखाकृती मैदानावर वसलेला होता. डोंगरातून सुटणारे पाणी दरीच्या तोंडाशी आपला गाळ पसरते, त्यातून असे मैदान तयार होते. ते दिसायला सुपीक, सपाट आणि निरुपद्रवी असते. पण त्यातील कण न् कण पुराने आणून टाकलेला असतो. अरासला वेसण घालण्यासाठी वरच्या भागात लहान बांधांची मालिका होती. ते बांध त्या दिवशी फुटले आणि त्यांच्यामागे साठलेला गाळही लोंढ्यात मिसळला. २००५ साली स्पेनच्या न्यायालयाने या प्रकरणी केंद्र शासन आणि आरागॉनचे प्रांतिक शासन यांना जबाबदार धरून नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. अमेरिकेतील आणि स्पेनमधील निकाल शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत.

जपानमधील घटना मात्र वेगळ्या जातीची आहे. कानागावा प्रांतातील कुरोकुरा नदीच्या पात्रातच, वाळूच्या पट्ट्यावर, ऑगस्ट १९९९मध्ये काही गट तंबू ठोकून राहिले होते. पाऊस वाढू लागताच वरच्या धरणावरील कर्मचाऱ्यांनी आणि पोलिसांनी तेथे जाऊन त्यांना निघण्यास सांगितले. बरेच जण निघाले. अठरा जण राहिले. १४ ऑगस्टच्या सकाळी त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाणी भरले. एकमेकांना धरून पाण्यात उभे असलेले ते अठरा जण देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले आणि वाहून जाताना तेही पाहिले. तेरा मरण पावले, पाच वाचले. येथे इशारा मिळाला नाही असे म्हणायला जागा नव्हती.

याच्या उलट ४ जुलै २०२५च्या पहाटे टेक्सासमधील ग्वादलुपे नदीच्या पुरात इशारा पुन्हा वेळेवर पोहोचला नाही. राज्यभर १३०हून अधिक बळी गेले. त्यांत नदीकाठच्या 'कॅम्प मिस्टिक' या मुलींच्या उन्हाळी शिबिरातील मुली आणि त्यांच्या तरुण मार्गदर्शक मिळून सत्तावीस जणी होत्या. हे शिबिर तंबूंचे नव्हते, लाकडी खोल्यांचे होते. पण काठ तोच आणि वेळही तीच.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे सारे नवे वाटू नये. आपल्याकडील उतार आणखी आखूड आणि उभे असल्यामुळे माथ्यावर पडलेला पाऊस काही मिनिटांत ओढ्यात उतरतो. लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्या वेळी उंचावरच्या त्या प्रवाहात मिनिटभरापूर्वी उभे राहता येत होते. पावसाळ्यात गडावर जाणारी जुनी मंडळी गावातील देऊळ, शाळेची पडवी किंवा कातळातील गुहा मुक्कामासाठी पसंत करीत. त्यामागे छपराचा विचार होताच, पण ओढ्याविषयीचे शहाणपणही होते.

जागा कशी वाचावी

डोंगरी ओढ्याकाठची सपाटी ही ओढ्याने स्वतः तयार केलेली असते, एवढे ध्यानात घेतले की पुढच्या खुणा आपोआप दिसू लागतात. काठच्या झुडपांच्या फांद्यांत वाळके गवत, काटक्या किंवा प्लॅस्टिकचे तुकडे अडकलेले असले, तर मागचा पूर तेथवर चढला होता. झाडांच्या बुंध्यांवर केवळ प्रवाहाकडील बाजूला साल खरवडलेली असली, तर तेथे ओंडके किंवा धोंडे आदळलेले आहेत. तंबूची खुंटी ठोकताना खाली वाळू आणि गुळगुळीत गोटे लागले, तर आपण पात्रातच आहोत, मग पाणी आज दहा हातांवरून का वाहत असेना. फक्त कोवळी झुडपे असलेला आणि एकही जुना वृक्ष नसलेला पट्टाही संशयास्पद मानावा. मोठी झाडे तेथे का टिकली नाहीत, याला काही कारण असते.

उंचीचा हिशेब अंतरापेक्षा महत्त्वाचा आहे. ओढ्यापासून शंभर फूट दूर पण दोन फूट उंच असलेल्या जागेपेक्षा तीस फूट दूर आणि पंधरा फूट उंच असलेली जागा बरी. तळाकडे येणारा रस्ता ओढा ओलांडून येतो का, हेही पाहावे. तसे असेल तर पूर आल्यावर मोटारीने बाहेर पडण्याचा मार्ग प्रथम बंद होणार. पायी वर चढण्याची वाट उजेडातच पाहून ठेवावी आणि झोपताना बूट व विजेरी हाताशी असावी. कोलोरॅडोतील बिग थॉम्प्सन दरीत ३१ जुलै १९७६च्या रात्री आलेल्या पुराने १४४ माणसांचा बळी घेतला. रस्त्याने दरीबाहेर पडू पाहणाऱ्या अनेक मोटारी पाण्याने गाठल्या. पूर आल्यास वर चढून सुरक्षित जागी जा, अशा अर्थाचे फलक त्यानंतर कोलोरॅडोच्या दऱ्यांत लागले. त्यावर मोटारीचा उल्लेख नाही. वेगाने वाहणारे सहा इंच पाणी प्रौढ माणसाला पाडते, एक फूट पाणी लहान मोटार हलवते आणि दोन फूट पाण्यात बहुतेक वाहने तरंगू लागतात.

पाऊस आपल्या डोक्यावर पडत नाही, म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र कित्येक मैल वर पसरलेले असते. पाणी अचानक गढूळ होणे, त्यातून पाने-काटक्या वाहू लागणे, तळाशी दगड घरंगळल्याचा खोल आवाज येणे, या खुणा दिसताच सामान न आवरता उठावे. अडचण अशी, की रात्री रंग दिसत नाही आणि ओढ्याच्या नेहमीच्या खळखळाटाला कान सरावलेले असतात. झोप लागावी म्हणून जो आवाज हवासा वाटतो, तोच वाढत्या पाण्याची चाहूल झाकून टाकतो. हवामान सेवेचे इशारे चोवीस तास प्रसारित करणारे स्वतंत्र रेडिओ केंद्रांचे जाळे अमेरिकेत आहे. त्यासाठीचा लहान, बॅटरीवर चालणारा संच मोबाइल निकामी असलेल्या ठिकाणी उपयोगी पडू शकतो. अरुंद दऱ्यांत त्याच्याही लहरी अडतात, म्हणून मुक्कामाआधी वनखात्याच्या कार्यालयात अंदाज विचारणे हा जुना मार्ग अद्याप कालबाह्य झालेला नाही.

सिएरा नेवाडा किंवा रॉकी पर्वतातील बर्फावर पोसलेल्या ओढ्यांचे वेळापत्रक आणखी निराळे असते. दिवसाच्या उन्हाने वितळलेले पाणी खाली येईपर्यंत सायंकाळ किंवा रात्र होते. सकाळी उड्या मारीत ओलांडलेला ओढा संध्याकाळी परतीच्या वेळी कमरेएवढा झालेला असतो. हा पूर नव्हे, रोजचा क्रम आहे. जून महिन्यात तो विशेष जाणवतो.

तंबू वर ठोकण्याला एक सुखाचे कारणही आहे. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि ओढ्याकाठच्या खोलगट जागेत साचते. तेथील तंबू आतून दवाने भिजतो. काही फूट उंचावर झोपणाऱ्यांना तुलनेने ऊब आणि कोरडेपणा मिळतो, शिवाय डासही कमी. फक्त वरच्या बाजूस वाळलेले झाड उभे नाही ना, हे पाहावे. कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६च्या अवर्षणात आणि त्याचा फायदा घेणाऱ्या सालकिड्यांमुळे कोट्यवधी झाडे मेली. २०१७पर्यंत हा अंदाजित आकडा १२ कोटी ९० लाखांवर गेला होता. वठलेले झाड पडायला वादळ लागतेच असे नाही.

पाणी, शौच आणि अस्वल

ओढ्याचे पाणी कितीही नितळ असले तरी थेट पिऊ नये. जिआर्डिया हा सूक्ष्म परजीवी उत्तर अमेरिकेच्या डोंगरी प्रवाहांत आढळतो आणि त्याने होणारा जुलाब आठवडे-आठवडे पिच्छा सोडत नाही. पाणी खळखळून एक मिनिट उकळणे पुरेसे असते; साडेसहा हजार फुटांपेक्षा अधिक उंचीवर तीन मिनिटे, कारण तेथे पाणी कमी तापमानालाच उकळते. क्लोरीनच्या गोळ्या जिवाणूंना मारतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या दुसऱ्या परजीवीवर त्यांचा प्रभाव पडत नाही. भांडी ओढ्यात घासू नयेत. निसर्गात विघटन होणारा म्हणून विकला जाणारा साबणही प्रवाहात मिसळू देऊ नये. पाणी भरून घ्यावे, दोनशे फूट, म्हणजे साधारण सत्तर मोठी पावले, दूर जावे आणि तेथे घासावे. शौचालय नसलेल्या जागी मलविसर्जनासाठीही हेच अंतर आणि सहा ते आठ इंच खोल खड्डा, असा दंडक आहे.

बहुतेक तळांवर शौचालय असते, मात्र पाण्याचे नव्हे. खाली बंदिस्त टाकी आणि वर खोली, अशी ती रचना असते. त्यांच्या दुर्गंधीबद्दल पूर्वी तक्रारी फार असत. वनसेवेच्या अभियंत्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस त्यावर एक उपाय काढला आणि त्याला गंभीरपणे 'सुगंधी शौचालय' असे नाव दिले. टाकीतून छपराच्या वर जाणारी जाड, काळी नळी उन्हाच्या बाजूस बसवायची. उन्हाने ती तापते, तीतील हवा वर चढते आणि खोलीतील हवा खाली टाकीत ओढली जाते. यंत्र नाही, वीज नाही, दुर्गंधी मात्र बाहेर. झाकण उघडे आणि दार बंद, की झाकण बंद, याविषयी आत लावलेली सूचना पाळली तरच हा प्रवाह नीट चालतो.

अस्वलांच्या प्रदेशात प्रत्येक जागेजवळ पोलादी पेटी ठेवलेली असते. तीत अन्न ठेवावे, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु दंतमंजन, साबण, खोबरेल तेल, रिकामे डबे आणि कचराही त्याच पेटीत ठेवायचा असतो, हे अनेकदा विसरले जाते. मसाल्याचा डबा आणि लोणच्याची बरणी यांना अर्थातच अपवाद नाही. मोटारीची काच हा अस्वलाच्या दृष्टीने अडथळा नसतो. नियम पाळूनही धोका शून्य होत नाही, हे माँटाना राज्यात यलोस्टोनच्या सीमेलगत असलेल्या सोडा ब्यूट तळावर दिसले. ओढ्याच्याच नावाचा हा तळ. २८ जुलै २०१०च्या पहाटे पिल्ले असलेल्या ग्रिझली मादीने तेथील तंबूंवर हल्ला करून एकाचा जीव घेतला, दोघांना जखमी केले. त्यानंतर वनसेवेने तेथे कापडी तंबूंना मनाई केली. टणक भिंतींच्या वाहनांतूनच मुक्काम करता येईल, असा नियम झाला.

विस्तव

तंबूच्या मुक्कामातील सर्वांत आवडता भाग म्हणजे रात्रीची शेकोटी. उन्हाळा सरत येतो तसे वन वाळत जाते आणि अनेक ठिकाणी शेकोटीवर बंदी येते. तळावर पोहोचल्यावर फलक पाहून हिरमोड होण्यापेक्षा आधी चौकशी केलेली बरी. ज्या ईगल क्रीकपासून तळांचा इतिहास सुरू झाला, त्याच ओढ्याच्या दरीत २ सप्टेंबर २०१७ रोजी एका पंधरा वर्षांच्या मुलाने फेकलेल्या फटाक्याने वणवा पेटला. सुमारे १५० पदयात्री रात्रभर डोंगरात अडकले आणि ५० हजार एकरांच्या आसपास वन आगीच्या कक्षेत आले. न्यायालयाने त्या मुलाला ३ कोटी ६६ लाख डॉलरची भरपाई ठोठावली. ती रक्कम तो कधी फेडू शकणार नाही, हे न्यायालयालाही माहीत होते. हप्त्यांची सवलत त्याच आदेशात होती.

सरपण घरून नेऊ नये, हा नियम भारतीय पाहुण्यांना चमत्कारिक वाटतो. त्याचे कारण हिरव्या रंगाचा एक भुंगा आहे. आशियातून आलेला हा भुंगा २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात प्रथम ओळखला गेला. तेव्हापासून त्याने अॅश जातीची कोट्यवधी झाडे मारली आणि त्याच्या दूरच्या प्रवासांत सहलीला जाणाऱ्यांच्या मोटारींतील लाकडाचा मोठा वाटा होता. लाकूड तळाच्या जवळच विकत घ्यावे किंवा परवानगी असेल तेथे खाली पडलेले वेचावे.

जागांचे आरक्षण बहुतांश ठिकाणी 'रिक्रिएशन डॉट गव्ह' या शासकीय संकेतस्थळावरून, अनेकदा सहा महिने आधीपासून होते. लहान तळांवर मात्र जो आधी येईल त्याला जागा, ही पद्धत टिकून आहे; तेथे लिफाफ्यात शुल्क घालून लोखंडी पेटीत टाकायचे असते. अमेरिकेचे नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या ६२ वर्षांवरील व्यक्तींना ज्येष्ठांचा परवाना असल्यास अनेक तळांवर निम्मे शुल्क पडते. एका तळावर सलग राहण्याची मर्यादा साधारणपणे चौदा दिवसांची असते.

निघण्याच्या सकाळी शेकोटीवर बादलीभर पाणी ओतावे, काठीने राख ढवळावी, पुन्हा पाणी ओतावे आणि उलट्या हाताने ऊब तपासावी. हाताला चटका लागत असेल, तर मोटार सुरू करू नये. ओढा जवळच असतो, आणखी एक बादली आणावी.